निरामिष आहाराची घरगुती तजवीज

कुटुंबातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचा रक्तदाब वाढतो किंवा रक्तातील स्निग्धांशाचे प्रमाण वर सरकते, डॉक्टर मटण बंद करण्याची ताकीद देतात, आणि त्या एकासाठी वेगळी चूल मांडण्यापेक्षा सगळ्या घरानेच निरामिष व्हावे असा ठराव जेवणाच्या पंक्तीलाच संमत होतो, असे प्रसंग आता विरळ राहिलेले नाहीत. हेतू स्तुत्य असतो. परंतु त्याच्या अंमलबजावणीचा विचार बहुधा एवढ्यावरच थांबतो की, उद्यापासून बाजारातून मटण-मासळी आणावयाची नाही. मग जी भाजी पूर्वी रश्श्याच्या शेजारी तोंडी लावण्यापुरती असे तीच, तेवढीच आणि तशीच, ताटाचा मुख्य भार वाहू लागते. चाळिशी उलटलेल्या सुखवस्तू गृहस्थाला या कमतरतेचा उपद्रव लवकर जाणवत नाही, क्वचित पथ्यावरही पडतो. पण त्याच पंक्तीला बसलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलाची हाडे, रक्त आणि मेंदू घडण्याचे काम अद्याप चालू असते, आणि त्याच्या ताटातून काढलेल्या प्रत्येक पदार्थाच्या जागी तोलामोलाचा दुसरा पदार्थ ठेवण्याची जबाबदारी ठराव करणाऱ्यांवर येऊन पडते. काय वगळावे हे सर्वांना समजते. काय आणावे, कोणत्या क्रमाने आणावे आणि कशावर नजर ठेवावी, याची व्यवहार्य मांडणी करणे एवढेच या लेखाचे प्रयोजन आहे.

लाभ नेमका कशात आहे

ज्या अर्थी हा पालट आरोग्यासाठी करावयाचा आहे, त्या अर्थी आरोग्याला अपाय नेमका कशाने होतो याची खातरजमा प्रथम केली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 साली खारवलेले, धुरावलेले किंवा रसायने घालून टिकवलेले मांस मनुष्याला कर्करोगकारक म्हणून जाहीर केले, आणि बोकड-मेंढीचे मांस ज्यात मोडते त्या तांबड्या मांसास संभाव्य कर्करोगकारकांच्या वर्गात बसवले. यावरून शहरी घरांतील शीतकपाटात शिरलेले सॉसेज आणि सलामी, गोव्याकडील चोरीस, आणि त्यानंतर दर आठवड्याचे तेलकट मटण, हे निरोप देण्याच्या यादीत अग्रभागी येतात. ताज्या माशांवर मात्र असा ठपका नाही. उलट बांगडा आणि तारली यांसारख्या तेलकट माशांतील स्निग्धांश हृदयास हितकारक मानला जातो. म्हणून रत्नागिरी-मालवणकडच्या एखाद्या कुटुंबाने मटण सोडून मासळी ठेवली, तर आरोग्याच्या दृष्टीने त्याने अर्धवट काम केले असे म्हणता येणार नाही. ज्यांना संपूर्ण निरामिष व्हावयाचे आहे त्यांनीही मासळी शेवटी सोडावी, आणि तिच्याबरोबर काय जाते हे ओळखून सोडावी.

दुसरी गोष्ट अशी की, निरामिष असणे आणि आरोग्यदायी असणे यांची सांगड आपोआप पडत नाही. साबुदाण्याची खिचडी, बटाटेवडा, फरसाण, मैद्याची खारी, वनस्पती तुपातील मिठाई आणि साखरेने गच्च चहा हे सारे पदार्थ शुद्ध शाकाहारी आहेत, आणि त्यांच्यावर वाढलेल्या घरांत मधुमेह व हृदयविकार यांना मुळीच मज्जाव नसतो. अमेरिकेतील आहारतज्ज्ञांच्या मुख्य संस्थेने 2016 साली शाकाहार हा बाल्यासह आयुष्याच्या सर्व अवस्थांत योग्य ठरू शकतो असा निर्वाळा दिला, पण त्यास योग्य नियोजनाची अट जोडली. शाकाहाराचे कैवारी निर्वाळा तेवढा सांगतात आणि अट विसरतात. कडधान्ये, पालेभाज्या, फळे, तेलबिया, दूध आणि कोंड्यासकट धान्ये यांनी मांसाची जागा घेतली तर लाभ आहे. बटाटा, मैदा आणि साबुदाणा यांनी घेतली तर केवळ धर्मांतर आहे, पथ्य नव्हे.

प्रथिनांची भीती

मुलांच्या बाबतीत पालकांना सर्वांत मोठी चिंता प्रथिनांची वाटते, आणि सामान्य परिस्थितीत तीच सर्वांत लहान असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने व भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2020 साली ठरविलेल्या प्रमाणानुसार चार ते सहा वर्षांच्या मुलास दिवसाला 16 ग्रॅम, सात ते नऊ वर्षांच्या मुलास 23 ग्रॅम, आणि दहा ते बारा वर्षांच्या मुलास सुमारे 32 ग्रॅम प्रथिने लागतात. आता आठ वर्षांच्या मुलाचा साधा दिवस पाहू. दोन पेले दुधातून सुमारे 12 ग्रॅम, 30 ग्रॅम मटकी भिजवून केलेल्या उसळीतून सुमारे 7, तीन लहान भाकऱ्या किंवा पोळ्यांतून 8 ते 9, आणि मूठभर दाण्यांतून 5 ग्रॅम प्रथिने मिळतात. वनस्पतिज प्रथिने थोडी कमी पचतात हे हिशेबात धरले तरी गरज भागून काही उरते. धान्यांत लायसीन हे प्रथिनघटक द्रव्य कमी असते व डाळींत मेथिओनीन कमी असते, आणि एकाची उणीव दुसरे भरून काढते. यास्तव वरणभात, खिचडी, भाकरी-पिठले आणि भाजणीचे थालीपीठ या जोड्या शास्त्राच्या कसोटीसही उतरतात. मात्र वरण म्हणजे हळदीचे पाणी नव्हे. पळी वाटीत उभी राहावी इतके ते दाट हवे.

पाच वर्षांच्या आतील मुलांची अडचण निराळी असते. त्यांचे पोट लहान आणि शाकाहार चोथ्याचा, त्यामुळे पोट भरते पण शक्ती पुरत नाही. अशा मुलांस दिवसातून पाच वेळा थोडे थोडे द्यावे, मऊ भातावर व खिचडीवर तूप सढळ घालावे, आणि दाण्याचे किंवा तिळाचे कूट भाजीत मिसळावे. अख्खे दाणे या वयात देऊ नयेत. ते घशात अडकण्याचा धोका असतो.

जेथे खरोखर उणीव पडते

पहिली उणीव लोहाची. मांसातील लोह शरीरात सहज शोषले जाते, तर धान्य-भाज्यांतील लोहाचा अल्प अंशच रक्तापर्यंत पोचतो, कारण त्यांतील फायटेट नावाची द्रव्ये त्यास बांधून ठेवतात. आपल्या आजीच्या स्वयंपाकात यावरचे उपाय पूर्वीपासून आहेत: कडधान्य रात्रभर भिजवून फडक्यात बांधून मोड आणले की फायटेट घटते, आंबवलेल्या धिरड्यात व आंबोळीतही तेच होते, लोखंडी कढईत शिजवलेल्या आंबट भाजीत लोहाचा अंश उतरतो, आणि उसळीवर, चूल बंद केल्यानंतर, पिळलेले लिंबू किंवा जेवणानंतर खाल्लेला पेरू आपल्या क जीवनसत्त्वाने लोहाचे शोषण वाढवितो. उलटपक्षी चहातील टॅनिन ते अडवते. म्हणून मुलांना जेवणाबरोबर चहा देण्याची वहिवाट बंद करावी, आणि दुधाचा पेलाही उसळीच्या जेवणापासून तास-दोन तास दूर ठेवावा. ऋतुप्राप्तीच्या वयातील मुलींकडे विशेष लक्ष हवे. सात ते नऊ वर्षांच्या मुलास दिवसाला 15 मिलिग्रॅम लोह पुरते, पण दहा वर्षांपुढील मुलीस 28 ते 32 मिलिग्रॅम लागते, आणि एवढे भाजीभाकरीतून मिळविण्यास रोजची उसळ, पालेभाजी व फळ यांत खंड पडून चालत नाही.

दुसरी आणि अधिक गंभीर उणीव ब-12 जीवनसत्त्वाची. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात, ते प्राणिज पदार्थांतून मिळते, आणि भाजी-धान्यांत त्याचा भरवशाचा साठा नाही. आंबवलेल्या इडलीतून किंवा शेवाळाच्या गोळ्यांतून ते मिळते ही समजूत निराधार आहे. पुण्याच्या परिसराचा याच्याशी निकटचा संबंध आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवती स्त्रियांचा व पुढे त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यांत सुमारे दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ब-12 अपुरे आढळले. आणि ज्या मातांत ब-12 कमी पण फोलेट भरपूर होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. फोलेट हे पालेभाज्यांत व डाळींत असते. मुंबईच्या कापड गिरण्यांतील गर्भवती कामगार स्त्रियांच्या पंडुरोगावर ल्यूसी विल्स या वैद्यक संशोधिकेने यीस्टच्या अर्काने उतारा शोधला तो 1931 साली प्रसिद्ध झाला, आणि त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच फोलेट असे पुढे निष्पन्न झाले. निरामिष घरात फोलेट मुबलक आणि ब-12 तुटपुंजे, अशी विषमता सहज निर्माण होते. तीत विशेष धोका असा की, फोलेटमुळे रक्ताचा रंग बरा दिसतो आणि आतून मज्जातंतूंची हानी मात्र चालू राहते. प्रौढाच्या यकृतात या जीवनसत्त्वाचा काही वर्षे पुरेल इतका साठा असल्यामुळे उणीव उशिरा उघडकीस येते. बालकाजवळ तेवढी शिल्लक नसते.

यावरून एक नियम अटळ ठरतो: वाढत्या मुलांच्या घरात दूध-दही सोडू नये. प्रौढास दिवसाला सुमारे 2.2 मायक्रोग्रॅम ब-12 लागते, आणि अर्धा लिटर दूध, दही व ताक मिळून पोटात गेले तर मुलांच्या गरजेचा मोठा भाग भागतो. खुद्द गांधीजींनी दूध वर्ज्य करण्याचे व्रत घेतले होते, पण 1918 सालच्या प्रदीर्घ आजारात प्रकृती ढासळल्यावर, व्रत गाई-म्हशींच्या दुधापुरते होते असा कस्तुरबांनी काढलेला मार्ग मान्य करून त्यांना शेळीचे दूध घ्यावे लागले. ज्या निश्चयापुढे राज्यकर्ते नमले तो निश्चयही येथे टिकला नाही, मग शाळकरी मुलांवर असा प्रयोग कशाला करावा? ज्या मुलांना दूध पचत नाही किंवा मुळीच आवडत नाही, त्यांना ब-12 च्या औषधी मात्रेविषयी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. अंड्यांविषयीही हट्ट नको. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने आणि थोडे ब-12 असते. घरच्या भावनेस बाध येत नसेल तर निदान पहिले वर्षभर मुलांसाठी अंडी चालू ठेवणे हा शहाणपणाचा तह होय.

मासळी सोडणाऱ्यांनी आणखी तीन गोष्टींची तरतूद करावी. सुका जवळा आणि काट्यांसकट खाल्लेली बारीक मासळी यांतून मिळणारे कॅल्शियम आता दूध, तीळ, शेवग्याचा पाला आणि नाचणी यांतून मिळवावे लागते. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि आठ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज 650 मिलिग्रॅमची आहे. माशाच्या तेलाची पूर्ण भरपाई वनस्पतींतून होत नाही, तरी जवस भाजून, कुटून केलेली चटणी रोज चमचाभर खाण्याने काही अंश साधतो. अख्खे जवस मात्र न पचताच बाहेर पडते. समुद्रातील मासळीबरोबर आयोडीनही जाते, म्हणून स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच वापरावे, सैंधवाच्या नादी लागू नये.

रसनेचा प्रश्न

मुलांना मटणाची ओढ असते असे आपण म्हणतो, पण बारकाईने पाहिले तर ती ओढ बहुतांशी भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याच्या वाटणाची, मसाल्याच्या वासाची, तर्रीची आणि रविवारच्या निवांतपणाची असते. सबब वाटण, मसाला आणि रविवार यांपैकी कशासही हात लावू नये. मालवणी घरात काळ्या वाटाण्याची आमटी आणि वडे ही कोंबडी-वड्यांच्या तोडीची जोडी पूर्वापार आहे. पावसाळ्याआधी ओल्या काजूंची उसळ आणि फणसाच्या कुयरीची भाजी यांचाही थाट असतो. गोव्यात अळसांद्यांचे तोणाक आणि तिरफळ घातलेले खतखते आहे. विदर्भ-खानदेशात पाटवडीचा रस्सा आणि डुबुकवड्या आहेत. देशावर हुलग्याची शेंगोळी आणि दाण्याची आमटी आहे. रायगडाकडे कडव्या वालांचे बिरडे आहे. मांसाचा चावा ज्यांना हवाच असेल त्यांच्यासाठी अळंबी, पनीर, किंवा गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या सोयाबीनच्या वड्या रश्श्यात सोडाव्या. या वड्यांत निम्मी प्रथिने असतात, आणि आठवड्यातून एक-दोनदा त्या पुरेत. मुलांच्या शाळेच्या डब्यासाठी मुगाचे धिरडे, भाजणीचे थालीपीठ आणि कोथिंबीर वडी. मधल्या वेळी शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू किंवा नाचणीचे सत्त्व, एवढ्याने बाहेरच्या पाकिटांची गरज उरत नाही.

कालक्रम आणि कारभार

एकदम केलेला पालट एकदम उलटतो, म्हणून सहा महिन्यांची मुदत धरून चालावे. आपल्या पंचांगाने याची सोय आधीच करून ठेवली आहे. श्रावणात असंख्य घरांत मांसाशन बंद असते, आणि पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारीस बंदी असल्यामुळे मासळीचीही तेव्हा वानवा असते. सबब जूनमध्ये आरंभ केला तर मुलांना नवीन काही लादल्यासारखे वाटत नाही. पहिल्या महिन्यात खारवलेले व टिकवलेले मांस बंद करावे आणि मोडाच्या उसळीचे तीन वार ठरवावेत. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मटण व कोंबडी केवळ रविवारी ठेवावी. श्रावण संपल्यावर पुन्हा मटणाची हंडी चढविण्याऐवजी रविवारचा रस्सा काळ्या वाटाण्याचा किंवा पाटवडीचा करून पाहावा. मासळी यानंतर, सावकाश.

ठराव कोणी केला आणि राबतो कोण, हाही प्रश्न विचारावयास हवा. कडधान्य निवडणे, भिजवणे, मोड आणणे, वाटण वाटणे, पालेभाजी निवडणे हे मटणाच्या एका पातेल्यापेक्षा अधिक वेळखाऊ काम आहे, आणि आरोग्याचा हुकूम सोडणारा गृहस्थ वर्तमानपत्र वाचीत बसून गृहिणीच्या वाट्यास दुप्पट कष्ट आले तर हा बेत तिसऱ्या आठवड्यात कोसळतो. आठवड्याचे वेळापत्रक करून भाजी निवडण्याचे काम पुरुषांनी आणि फडक्यात मटकी बांधण्याचे काम मुलांनी उचलावे. ज्या मटकीला आपण मोड आणले ती मुले कमी कुरकुर करीत खातात.

आजोळी, मित्राच्या घरी, धुळवडीला किंवा गावच्या जत्रेत मुलाने काय खावे याविषयी पहारा ठेवू नये. घराबाहेरचे चार घास आरोग्याचे गणित बिघडवीत नाहीत, चोरून खाण्याची सवय मात्र मन बिघडविते. त्याचप्रमाणे मुलांच्या मनात मांसाविषयी किळस उत्पन्न करण्याचा सोपा मार्ग कटाक्षाने टाळावा. आपल्या समाजात ताटातील पदार्थावरून माणसाची पायरी ठरविण्याची दुष्ट चाल फार जुनी आहे. प्रकृतीसाठी स्वीकारलेल्या आहारास उच्चनीचतेचा वास लागला, तर मुलगा कदाचित सशक्त होईल, पण शेजाऱ्याच्या डब्याकडे नाक मुरडणारा होईल. ‘आपल्याला याची गरज नाही’ एवढेच कारण त्यास पुरेसे आहे.

पडताळा

आरंभीच मुलांच्या रक्तातील हिमोग्लोबिन आणि ब-12 तपासून घ्यावे, आणि वर्षाने पुन्हा तपासावे. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाचे हिमोग्लोबिन 11.5 ग्रॅमच्या खाली असेल तर त्यास पंडुरोग समजतात. दर तीन महिन्यांनी उंची व वजन वहीत टिपावे. आकडा एखाद्या महिन्यात थबकला तर घाबरू नये, पण दोन-तीन नोंदींत जागचा हलला नाही तर डॉक्टरांकडे जावे. चेहरा फिका पडणे, खेळताना लवकर दमणे, तोंडाचे कोपरे चिरणे, जीभ लाल व गुळगुळीत होणे, हातापायांस मुंग्या येणे, अभ्यासात चित्त न लागणे या लक्षणांस ‘वाढीचे वय आहे’ म्हणून टाळू नये. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, दोन वर्षांच्या आतील बालके आणि आधीच अशक्त किंवा पंडुरोगी असलेली मुले यांच्या आहारात वैद्यकीय सल्ल्यावाचून असा पालट मुळीच करू नये.

एवढी व्यवस्था केल्यावर वर्षअखेरीस दोन्ही पिढ्यांचे आकडे शेजारी मांडून पाहावेत. वडिलांचा रक्तदाब उतरला आणि मुलाची उंची व हिमोग्लोबिन वयाच्या प्रमाणात राहिले, तर ठराव यशस्वी झाला. वडिलांचे आकडे सुधारले पण मुलाचे घसरले, तर मुलाच्या ताटात अंडे किंवा मासळी पुन्हा आणावी, आणि तसे करण्यात कमीपणा मानू नये. घरातील सर्वांची पाने एकसारखी असण्यापेक्षा प्रत्येकाच्या पानात त्याच्या वयाला लागणारे अन्न असणे अगत्याचे आहे.